हजार बॅकलिंक आणि एक गुऱ्हाळ

रांजणगाव एमआयडीसीतली छोटी शेड असो, मोराची चिंचोलीत पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या असोत, की दौंड तालुक्यात राहू-केडगावच्या पट्ट्यातले एखादे गुऱ्हाळ असो. वेबसाइट निघाली की थोड्याच दिवसांत फोन येऊ लागतात. "सर, गुगलवर पहिल्या पानावर आणून देतो. महिन्याला हजार बॅकलिंक, रिपोर्टसकट." भावही फार नसतो, दोन-चार फ्लेक्सच्या खर्चात काम होते. मालकाला मग प्रश्न पडतो, पण 'घ्यावेत का' हा क्वचितच. बहुतेकांचा प्रश्न वेगाचा असतो: एकदम हजार घेतले तर गुगल पकडेल का? त्यापेक्षा महिन्याला पन्नास-पन्नास घेतले तर चालेल का?

गुगलने असा आकडा कधीच सांगितलेला नाही. गुगलच्या शोधविभागातले जॉन म्यूलर यांना हे अनेकदा विचारले गेले आणि त्यांच्या उत्तराचा मतितार्थ असा, की किती दिवसांत किती लिंक आल्या हा मुद्दाच नाही. लिंक बनावट असेल तर ती सावकाश आली म्हणून खरी होत नाही. हे उत्तर टाळाटाळीचे वाटते. ते तसे नाही हे कळायला मात्र लिंक लागल्यापासून पलीकडे काय काय घडते ते क्रमाने पाहावे लागते.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारी लिंक. तुम्ही आपल्या पानावरून रांजणगावच्या देवस्थानाला लिंक दिली तर ती देवस्थानाची बॅकलिंक झाली, तुमची नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरवलेली लिंक यात धरली जात नाही, कारण तो ग्रुप शोधयंत्राला दिसतच नाही. ती गिऱ्हाईक आणील, रँकिंग नाही.

या लिंकला महत्त्व कसे आले? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोघे स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना, १९९६ च्या सुमारास, तेव्हाची शोधयंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द मोजत. ज्याने 'गूळ' हा शब्द शंभर वेळा लिहिला तो वर. अशा मोजणीला फसवणे अगदीच सोपे. या दोघांनी संशोधकांच्या जगातली एक जुनी रीत उचलली. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला होता. कोणत्या शोधनिबंधाचा आधार नंतरच्या किती जणांनी घेतला, याची ती सूची होती. वेबवरची लिंक म्हणजे तसाच आधार, असे धरून पेज आणि ब्रिन यांनी प्रत्येक पानाचे वजन काढायचे गणित मांडले. तेच पेजरँक. १९९८ मध्ये त्यांचा निबंध आला आणि त्याच वर्षी गुगल कंपनी.

पतसंस्थेतल्या जामीनदारांचा हिशेब ज्याला माहीत आहे त्याला पेजरँक वेगळा शिकवावा लागत नाही. ज्याची स्वतःची पत मोठी, त्याच्या सहीला वजन. ज्याने आधीच पन्नास जणांना जामीन दिला आहे, त्याची एक्कावन्नावी सही कुणी फारशी मनावर घेत नाही. आणि 'मी तुला जामीन, तू मला' असे दहा जणांचे कडे दिसले, की मॅनेजर कागद बाजूला काढून ठेवतो.

आकड्यांत सांगायचे तर मूळ गणितात पान आपल्या वजनाचा साधारण ८५ टक्के भाग लिंकांमधून पुढे देते. समजा एका पानाचे वजन १०० आहे आणि त्यावर पाचच लिंक आहेत. प्रत्येकीच्या वाट्याला १७ आले. त्याच वजनाच्या पानावर ५०० लिंक असतील तर प्रत्येकीला ०.१७. विकत मिळणाऱ्या बहुतेक बॅकलिंक या दुसऱ्या प्रकारच्या पानांवर असतात, आणि त्या पानाचे स्वतःचे वजन १०० तर सोडाच, १ सुद्धा नसते. हजार लिंकांची बेरीज शून्याच्या आसपास राहते ती यामुळे. गुगल आज वापरते ते गणित या मूळ रूपापासून खूप पुढे गेले आहे, पानाचा विषय, भाषा, शोधणाऱ्याचे ठिकाण अशा कितीतरी गोष्टींची त्यात भर पडली आहे. तरी वजन कुठून येते आणि कसे वाटले जाते ही कल्पना टिकून आहे.

आता वेळेकडे. एखाद्याने आज तुम्हाला लिंक दिली म्हणजे गुगलला ती आज कळली असे नाही. गुगलचा रोबो पाने वाचत हिंडतो, पण सगळीकडे सारख्याच वेळा जात नाही. मोठ्या दैनिकाच्या साइटवर तो दिवसभर येत-जात असतो. तिथली नवी बातमी त्याला लवकर दिसते. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी काढून विसरलेल्या व्यवसाय-यादीच्या आतल्या पानावर तो महिनोन्‌महिने फिरकत नाही. फिरकला तरी ते पान ठेवण्यालायक आहे का हे आधी ठरते. गुगलने जे पान आपल्या संग्रहात घेतलेच नाही, त्यावरची लिंक असून नसल्यासारखी. हजारांच्या गठ्ठ्यातल्या कितीतरी लिंक अशा कधीच न घेतल्या गेलेल्या पानांवर बसलेल्या असतात. विक्रेत्याच्या एक्सेल रिपोर्टमध्ये त्या दिसतात, गुगलच्या हिशेबात नाहीत.

म्हणजे तुम्ही एका दिवसात शंभर लिंक लावल्या काय किंवा शंभर दिवसांत लावल्या काय, गुगलला त्या दिसतात त्या त्याच्या फेरीप्रमाणे, काही या आठवड्यात, काही दोन महिन्यांनी, काही कधीच नाही. 'रोज तीनच लावायच्या, म्हणजे नैसर्गिक दिसते' हा जो सल्ला छातीठोकपणे दिला जातो, त्यातले 'रोज तीन' हे वेळापत्रक पलीकडे तसे उमटतच नाही.

मग वेगाची भीती आली कुठून? तिला एक कागदोपत्री आधार आहे. डिसेंबर २००३ मध्ये गुगलने एक पेटंट अर्ज केला, तो २००५ मध्ये जाहीर झाला. पानाचा इतिहास पाहून त्याची किंमत कशी ठरवता येईल, असा त्याचा विषय. लिंक कोणत्या गतीने वाढतात, अचानक उसळी येते का, जुन्या लिंक नाहीशा होतात का, याचा उल्लेख त्यात आहे. अचानक आलेली उसळी लबाडीची खूण असू शकते, असे तो कागद म्हणतो. एसईओवाल्यांनी, म्हणजे साइट शोधात वर आणून देण्याचा धंदा करणाऱ्यांनी, एवढेच वाक्य धरून ठेवले. पण उसळी एखाद्या खऱ्या घडामोडीमुळेही येऊ शकते, हेही त्याच कागदात आहे. शिवाय पेटंट घेतले म्हणजे ते जसेच्या तसे वापरात आले असे होत नाही.

आपल्याकडे उसळीची खरी कारणे कमी नाहीत. अंगारकी चतुर्थी आली, भाद्रपदात गणपती आले, की रांजणगावच्या महागणपतीबद्दल दोन-चार दिवसांत ढीगभर लिहिले जाते. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या वर्तमानपत्राने मोराची चिंचोलीवर पानभर मजकूर दिला, तो पाहून आणखी तिघांनी लिहिले, तर तिथल्या एखाद्या कृषी पर्यटन केंद्राला वर्षभरात मिळाल्या नसतील तेवढ्या लिंक आठवड्यात मिळतील. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. त्या लिंक वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या शब्दांत दिलेल्या असतात. कुणी केंद्राचे नाव लिहितो, कुणी नुसते 'इथे पाहा', कुणी पत्ताच चिकटवतो. त्यांच्यासोबत माणसेही येतात, नाव टाकून शोध घेणारे वाढतात.

विकतच्या उसळीचा चेहरा वेगळा असतो. दोनशे साइटवर एकच वाक्प्रयोग, 'पुण्याजवळचे सर्वोत्तम कृषी पर्यटन', तोही ज्या साइटवर शेजारी कर्जाच्या जाहिराती आणि जुगाराचे अ‍ॅप आहेत तिथे. ती पाने कोणत्या देशातली, कोणत्या भाषेतली, याचा चिंचोलीशी काही संबंध नाही. या दोनशे लिंक एका रात्रीत आल्या की दोन वर्षांत, नमुना तोच. महिन्याला दहा या गतीने वीस महिने लावले तर वीस महिन्यांनी तोच नमुना पूर्ण होतो, एवढाच फरक.

हा नमुना ओळखण्याचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकी दुकान-साखळीची गोष्ट छापली. कपड्यांपासून सामानाच्या बॅगांपर्यंत कितीतरी शोधांत ही कंपनी पहिली येत होती, आणि त्यामागे भलत्याच विषयांच्या साइटवर पेरलेल्या हजारो लिंक होत्या. गुगलने हाताने कारवाई केली आणि काही दिवसांत कंपनी पहिल्या पानावरून कुठल्या कुठे गेली. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१२ ला, गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला. हेच काम आता यंत्र करू लागले. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असे गुगलने तेव्हा सांगितले होते. सुरुवातीचा पेंग्विन निर्दयी होता. ज्याला फटका बसला त्याने घाण साफ केली तरी पुढच्या फेऱ्याची वाट पाहावी लागे, आणि ऑक्टोबर २०१४ नंतरचा मोठा फेरा आला तो थेट सप्टेंबर २०१६ मध्ये. दोन वर्षे धंदा अडकलेले लोक त्या काळात होते. 'गुगल पकडेल' ही धास्ती मुख्यतः तेव्हाची.

सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन सतत चालू असतो आणि त्याची रीतही बदलली. बनावट लिंक दिसली की बहुतेक वेळा तो साइटला खाली ढकलत नाही, ती लिंक शून्य धरतो. डिसेंबर २०२२ पासून हेच काम स्पॅमब्रेन ही गुगलची यंत्रणाही करते. लिंक विकत घेणाऱ्या साइट आणि विकण्यासाठीच काढलेल्या साइट, दोन्ही ओळखण्यासाठी ती वापरली जाते. आजचा धोका शिक्षेपेक्षा साधा आहे: पैसे गेले, काही झाले नाही. आणि काही झाले नाही म्हणून मालक पुढच्या महिन्यात दुप्पट घेतो. फारच उघड प्रकार असेल तर अजूनही माणूस बघतो आणि साइटमालकांसाठीच्या गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये 'अनैसर्गिक लिंक' अशी सूचना येते. तेव्हा लिंक काढून घेणे, काढता येत नसतील त्यांची यादी डिसअव्हाऊ या साधनातून कळवणे, आणि फेरविचाराचा अर्ज करणे, एवढी उस्तवार करावी लागते. ते साधन ऑक्टोबर २०१२ पासून आहे. सूचना आलेली नसताना ते उघडून बसू नये. चांगल्या लिंक चुकून नाकारल्या जाण्याचीच शक्यता जास्त.

पैसे देऊन घेतलेली प्रत्येक लिंक गैर असते असेही नाही. स्थानिक पोर्टलवर तुम्ही गणेशोत्सवाची जाहिरात दिली, त्यात साइटचा पत्ता आहे; हे सरळ काम आहे. अट एवढीच, की त्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण असावी. ही खूण वाचकाला दिसत नाही, पानाच्या कोडमध्ये असते. नोफॉलो २००५ मध्ये आला, स्पॉन्सर्ड आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठीची यूजीसी या खुणा २०१९ मध्ये. खूण असलेली लिंक सहसा वजन देत नाही, पण गिऱ्हाईक देऊ शकते. विकिपीडियावरच्या बाहेर जाणाऱ्या लिंकही नोफॉलो असतात; तरी आपल्या गावाच्या लेखात खपेल अशी माहिती ज्याच्या साइटवर आहे त्याचा तिथला उल्लेख वाया जात नाही, कारण तो वाचून लिहिणारे पुढे आपल्या पानावर साधी लिंक देतात.

इथेच एक आकडा निस्तरून टाकू. विक्रेते सांगतात, 'डीए ५० च्या वरच्या साइटवरून लिंक देतो.' डीए हा मॉझ या खासगी कंपनीचा आकडा आहे, आणि डीआर हा एच्‌रेफ्स या दुसऱ्या कंपनीचा. गुगल यांतला एकही वापरत नाही. गुगलचा स्वतःचा पेजरँकचा आकडा पूर्वी ब्राउझरच्या टूलबारमध्ये दिसायचा, तो २०१६ मध्ये बंद झाला. खासगी आकड्यांचा अंदाजासाठी उपयोग होतो, पण ते फुगवूनही देता येतात, आणि विक्रीच्या साइटवर नेमके तेच केलेले असते.

रांजणगाव-चिंचोलीच्या शिरूर तालुक्यातच लिंक कशा जमतात याचे चांगले उदाहरण आहे, आणि त्याचा एसईओशी काडीचा संबंध नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेव्हा वेब जन्मालाही आले नव्हते. शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताने काम करत तंत्रज्ञान शिकवायचे, वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, असा तो प्रयोग. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या फॅब लॅबच्या, म्हणजे कुणालाही संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवता याव्यात अशा कार्यशाळेच्या, कल्पनेला पाबळमध्ये जागा मिळाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. गर्शनफेल्ड यांच्या २००५ च्या 'फॅब' या पुस्तकात कलबागांची आणि पाबळची गोष्ट आहे. फॅब लॅबच्या सुरुवातीवर लिहिणारा पाबळचे नाव घेतो. शिक्षणावर लिहिणारा वेगळ्या कारणाने घेतो, ग्रामीण तंत्रज्ञानावर लिहिणारा तिसऱ्या. या उल्लेखांचा वेग काय? काही वर्षे शांत, एखाद्या वर्षी एकदम पुष्कळ, मग पुन्हा शांत. काम झाले की उल्लेख झाला. प्रत्येक धंद्याला पाबळ होता येणार नाही हे उघड आहे, पण उल्लेखाचा वेग उल्लेख करण्यासारखे काही घडण्याच्या वेगापेक्षा जास्त असू शकत नाही, ही मर्यादा मात्र गुऱ्हाळालाही तीच.

तर आता गुऱ्हाळ घेऊ. समजा, राहूच्या बाजूला एक कुटुंब गूळ करते आणि ढेपा व्यापाऱ्याला घालण्याबरोबर एक-एक किलोची पाकिटे थेट विकू पाहते. साइट नुकतीच निघाली आहे. पहिले दोन महिने बॅकलिंकचे नावही काढू नये असे माझे मत आहे, कारण लिंक ज्या पानाकडे येणार ते पानच अजून रिकामे असते. 'आम्ही उत्तम दर्जाचा गूळ देतो' या ओळीला कोण लिंक देणार? त्याऐवजी काहील, चुलवाण, गुळव्या यांचे खरे फोटो हवेत. रस उकळताना मळी कशी काढतात, त्यासाठी रानभेंडीचा चिकट रस का घालतात, काकवी साधारण १०५ अंशांवर उतरते आणि गुळाचा पाक ११८ ते १२० अंशांपर्यंत न्यावा लागतो, हे लिहिलेले हवे. पिवळाधमक गूळ पाहून गिऱ्हाईक भुलते. तो रंग हायड्रॉस हे रसायन घालून कसा येतो आणि आपला गूळ तपकिरी का, हे सांगणारे पान हवे. प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल असेल तर तो तारखेसह चढवावा. 'सेंद्रिय' म्हणायचे असेल तर प्रमाणपत्र दाखवावे, नसेल तर तो शब्द वापरू नये. असे पान झाले, की आहारावर लिहिणारी एखादी लेखिका, कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी, पाककृती सांगणारी मंडळी यांना संदर्भ द्यायला काही जागा मिळते. मराठीत या विषयावर प्रत्यक्ष गुऱ्हाळातून लिहिलेली पाने थोडी आहेत, ही मोठी सोय आहे.

सोबत गुगल बिझनेस प्रोफाइल भरायचे. स्थानिक शोधात नकाशासह जी तीन नावे वर दिसतात ती गुगल तीन गोष्टींवरून ठरवते: विचारलेल्याशी किती जुळते, शोधणाऱ्यापासून किती लांब, आणि व्यवसाय किती परिचित. लिंक या तिसऱ्यात येतात, परीक्षणांच्या बरोबरीने. केडगावजवळच्या चौफुल्यावर गाडी थांबवून 'जवळचा गूळ' शोधणाऱ्यासाठी अंतराचे पारडे जड राहते. तिथे हजार बॅकलिंक घेऊन पुण्यातल्या हडपसरचे दुकान चौफुल्याला येत नाही.

तिसऱ्या महिन्यापासून ज्या लिंक तुम्हाला हक्काने मिळायला हव्यात त्या मागायच्या. हे काम सगळ्यात सोपे आणि सगळ्यात दुर्लक्षित. ज्या शेतकरी उत्पादक कंपनीचे तुम्ही सभासद आहात तिच्या साइटवर तुमचे नाव आहे का? बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण घेतले असेल आणि तिथे यशकथा आली असेल, तर तिच्यात साइटचा पत्ता आहे का? पुण्यातल्या ज्या दुकानात तुमची पाकिटे मिळतात त्याचे काय? ज्याने गुऱ्हाळाची यंत्रे पुरवली त्याच्या साइटवर 'आमचे ग्राहक' असे पान असेल. एमआयडीसीतल्या शेडवाल्यालाही हेच लागू: एलजी, व्हर्लपूल, फियाट अशा रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांच्या साखळीत काम करणाऱ्या छोट्या पुरवठादाराला कारखाना स्वतः लिंक देईलच असे नाही, पण उद्योजकांची संघटना, आयएसओ प्रमाणपत्र देणारी संस्था, सीएनसी मशीन विकणारी कंपनी या देऊ शकतात. चिंचोलीच्या केंद्राने महाराष्ट्राच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली असेल, तर त्या नोंदीत पत्ता नीट आहे ना हे पाहावे. अशा सगळ्या मिळून दहा-पंधरा लिंक होतील. एकाच आठवड्यात झाल्या तरी बिघडत नाही. हे खरे संबंध आहेत.

यापुढचा वेग मंदच असणार. महिन्याला दोन-तीन नवे खरे उल्लेख मिळाले तर तालुक्याच्या धंद्याला ते भरपूर म्हणावे, आणि एखादा महिना कोरा गेला तर गेला. वेग वाढवायचा तर उपयोगी पान वाढवायचे. एक कल्पना सांगतो. सोलापूरकडून रेल्वेने येणारे कितीतरी भाविक दौंडला उतरून सिद्धटेकला जातात. सिद्धटेक भीमेच्या पलीकडे, कर्जत तालुक्यात. पूर्वी शिरापूरहून होडीने पार व्हावे लागे, आता पूल आहे. दौंड स्टेशनवरून सिद्धटेक, तिथून रांजणगाव, मग थेऊर हा मार्ग एसटी आणि रिक्षांसह, दर सहा महिन्यांनी तपासून लिहिलेला कुणी ठेवला, तर अष्टविनायक यात्रेवर लिहिणारे त्याला लिंक देतील. दौंडच्या लॉजवाल्याला किंवा रस्त्याकडेच्या खानावळीला यापेक्षा स्वस्त एसईओ सापडणार नाही. मात्र ते पान खोटे किंवा जुने झाले की लिंक देणारे हळूच दुसरीकडे वळतात.

किती लिंक पुरे होतात? एप्रिल २०२४ मध्ये गुगलचे गॅरी इलियेश यांनी एका परिषदेत सांगितले, की पानांचा क्रम लावायला गुगलला आता फार थोड्या लिंक लागतात आणि वर्षानुवर्षे लिंकचे महत्त्व कमी होत गेले आहे. मोठ्या शहरातल्या विम्याच्या किंवा कर्जाच्या धंद्याला हे वाचून हसू येईल. तिथे चढाओढ भयंकर आहे. पण शिरूर-दौंडमधल्या बहुतेक शोधांत समोर उभी असलेली पानेच मोजकी असतात. तिथे पाच-सात चांगल्या लिंक आणि एक नीट लिहिलेले पान बरेच काही करून जाते.

फळ कधी दिसते, याचे उत्तर गुगलच्याच माइली ओहाये यांनी २०१७ मधल्या एका व्हिडिओत दिले आहे: सुधारणा करून त्यांचा लाभ दिसायला बहुतेकदा चार महिने ते एक वर्ष. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे तर गुगलच्या लेखी सूचनांतच आहे. म्हणून काम द्यायचेच असेल तर एसईओवाल्याला वेग विचारू नका. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही ज्यांना लिंक मिळवून दिल्या, ती पाने उघडून दाखवा, असे म्हणा. पान उघडल्यावर ते आपण स्वतः, कुणी पाठवले नसते तरी, वाचले असते का, एवढे बघा. बहुतेक बोलणी इथेच संपतात.

हिशेब ठेवायला सर्च कन्सोल फुकट आहे. त्यातल्या 'लिंक' विभागात कोणत्या साइट तुम्हाला जोडलेल्या आहेत, तुमच्या कोणत्या पानाकडे त्या येतात आणि कोणत्या शब्दांत, हे दिसते. ती यादी पूर्ण नसते आणि मागून येते, त्यामुळे रोज उघडून जीव खालीवर करू नये; दोन महिन्यांतून एकदा पुरे. त्यात ओळखीची नसलेली, विचित्र नावांची साइट दिसली तर हातपाय गाळायचे कारण नाही. अशा लिंक प्रत्येकाला लागतात आणि गुगल त्या सोडून देते.

जास्त नुकसान होते ते वेगळ्याच ठिकाणी. साइट करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेले असते. पुढे तो नोकरीला लागतो, नंबर बदलतो, नूतनीकरण चुकते, आणि पाच वर्षांत जमलेल्या सगळ्या लिंक एका दिवसात रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवू लागतात. असे सुटलेले पत्ते विकत घेऊन त्यांच्या जुन्या लिंकांवर भलताच माल चढवणारे लोक आहेत. मार्च २०२४ मध्ये गुगलने या प्रकाराविरुद्ध वेगळा नियम केला तो उगाच नाही. डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, आपल्या कार्डावर घ्या आणि एकदम काही वर्षांचे पैसे भरा. पत्ता बदलायचाच झाला तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे '३०१' हे कायमचे वळण लावून घ्या, जुना पत्ता निदान वर्षभर सोडू नका, आणि त्या वर्षात कृषी विज्ञान केंद्र, उत्पादक कंपनी आणि ज्यांनी लिंक दिल्या त्या सगळ्यांना एकेक फोन करून नवा पत्ता टाकायला सांगा.